गावच्या कामशाळेत घासण्याचे ठोकळे व एमरीचे पट्टे

शेतीच्या हत्याराचा विचार करताना शेतकऱ्याचे लक्ष प्रथम पात्याकडे जाते. पाते चांगल्या पोलादाचे आहे की नाही, त्यास धार आहे की नाही, हे तो पारखून पाहतो. मुठीचा विचार मात्र सहसा होत नाही. वास्तविक पाते जमिनीत किंवा पिकात काम करते आणि मूठ दिवसभर माणसाच्या हातात असते. मूठ खडबडीत असेल तर हाताला फोड येतात, लाकडाचे कुसळ बोटात शिरते, हात दुखू लागला की काम मंदावते. कुसळाची जखम लहान दिसते. पण शेणामातीत काम करणाऱ्या हाताला अशा लहान जखमेतूनही धनुर्वाताचा धोका असतो. धनुर्वाताची लस वेळेवर घेणे हा यावरील खरा बंदोबस्त होय. तथापि जखमच होऊ नये म्हणून मूठ नीट घासून घेणे हे काम कोणाही शेतकऱ्याच्या आवाक्यातील आहे.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील सुपा हे गाव पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर आहे. हा भाग कमी पावसाचा. ज्वारी, बाजरी, मूग, कांदा ही येथील ओळखीची पिके. कांद्याच्या वाफ्यात खुरपे हाती घेऊन तासन्‌तास बसून काम करावे लागते व हे काम बहुतांशी स्त्रियाच करतात. दुसऱ्या बाजूस सुपे येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची औद्योगिक वसाहत आहे. शेती व कारखाना ही दोन्ही कामे जेथे अशी शेजारी नांदतात, तेथे घासकामाचे साधे साहित्य मिळविणे कठीण नाही. लाकडी खोक्यांच्या फळ्या, पाण्याच्या नळीचे उरलेले तुकडे, सायकलची जुनी ट्यूब व एमरीचा कागद एवढ्या सामग्रीत चांगले ठोकळे तयार होतात. ते कसे करावेत, व ज्या कामशाळेत विजेची मोटर आहे तेथे एमरीचा पट्टा कसा जोडावा, याची माहिती पुढे दिली आहे.

कागद विकत घ्यावा, ठोकळा घरी करावा

घासण्याच्या कागदास सुतार काचकागद किंवा पॉलिश पेपर म्हणतात. लोखंडासाठी वापरतात त्या कापडी पाठीच्या प्रकारास एमरी म्हणतात. या सर्वांची रचना एकच असते. खाली कागद किंवा कापड, त्यावर चिकट द्रव्याचा थर, त्यात रोवलेले कठीण खडे आणि ते खडे घट्ट बसावेत म्हणून वरून दिलेला चिकट द्रव्याचा दुसरा थर. खडे एकाच मापाचे असणे हे या कागदाचे मुख्य वैशिष्ट्य होय. शंभर बारीक खड्यांत एक जाड खडा राहिला तर तो प्रत्येक फेरीस नवा ओरखडा काढतो व केलेले काम वाया जाते.

पूर्वी गावातील कारागीर उपलब्ध असेल त्या वस्तूने घासकाम करीत. पारिजातकाची पाने खरखरीत असल्याने लाकूड गुळगुळीत करण्यास ती वापरली जात. काचेच्या तुकड्याच्या कडेने लाकूड खरवडण्याची रीतही जुनी आहे. कुरुंदाचा दगड आपल्या देशात फार पूर्वीपासून धार लावण्यास व रत्ने घासण्यास वापरीत. इंग्रजी भाषेने या खनिजाचे नाव दक्षिण भारतातील भाषांवरूनच घेतले आहे. इ. स. १८९१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड ॲचिसन यांनी विजेच्या भट्टीत सिलिकॉन कार्बाइड हा अतिशय कठीण पदार्थ तयार केला व त्यास कार्बोरंडम हे नाव दिले. तेव्हापासून घासण्याचे खडे कारखान्यात होऊ लागले. आपल्या राज्यात उरणजवळ मोरा येथे १९४१ साली ग्राइंडवेल या कंपनीने सहाणेची चाके बनविण्यास प्रारंभ केला, तर मद्रासमध्ये १९५४ साली कार्बोरंडम युनिव्हर्सल ही कंपनी स्थापन झाली. आज बाजारात मिळणारा तपकिरी कागद बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा व काळा, पाण्यात चालणारा कागद सिलिकॉन कार्बाइडचा असतो.

पतंगाच्या मांजाप्रमाणे काच कुटून व खळीत मिसळून कागद घरीच करता येईल, असे काहींना वाटते. तसे करू नये. कुटलेली काच एकसारखी चाळली जात नाही, खडे लवकर झडतात आणि कुटताना उडणारी बारीक पूड डोळ्यांस व श्वासास अपायकारक असते. कागद विकतच घ्यावा. बचत करावयाची ती ठोकळ्याने करावी. नुसत्या बोटांनी कागद दाबला असता बोटांच्या टोकांखालीच सारा दाब पडतो. तेवढाच कागद झिजतो, मधला भाग तसाच राहतो आणि लाकडावर लहान खळगे पडतात. सपाट ठोकळ्यावर तोच कागद सर्वत्र सारखा झिजतो व पृष्ठभागही सपाट होतो.

कागदाचे नंबर

कागदाच्या पाठीवर नंबर छापलेला असतो. नंबर लहान तर खडा जाड व नंबर मोठा तर खडा बारीक, एवढे लक्षात ठेवावे. गावकामास पुढील नंबर पुरेसे होतात:

६० किंवा ८० नंबर: रंध्याचे किंवा तासणीचे ओरखडे व उंचवटे काढण्यास, जाड गंज उतरविण्यास.

१२० नंबर: जाड कागदाचे ओरखडे घालविण्यास.

१८० नंबर: मुठी व दांडे यांचा शेवटचा हात देण्यास.

२४० नंबर व पुढे: पात्याची धार साफ करण्यास, लोखंडास झिलई आणण्यास.

एकदम ६० वरून १८० वर जाऊ नये. बारीक कागदाने खोल ओरखडे निघत नाहीत. ते चमकदार मात्र होतात व तेल लावल्यावर स्पष्ट दिसू लागतात. प्रत्येक नंबरने आधीच्या नंबरचे ओरखडे पूर्ण काढावेत व मगच पुढचा नंबर घ्यावा. ओरखडे गेले की नाहीत हे पाहण्यासाठी लाकडावर पेन्सिलीने फिक्या आडव्या रेघा माराव्यात. सर्व रेघा पुसल्या गेल्या म्हणजे ठोकळा सर्वत्र फिरला असे समजावे.

सपाट ठोकळा

एमरीच्या किंवा काचकागदाच्या एका तावाचे माप साधारणपणे २३० × २८० मि.मी. असते. ताव उभा व आडवा मधोमध दुमडून त्याचे चार तुकडे केल्यास प्रत्येक तुकडा ११५ × १४० मि.मी. होतो. ठोकळ्याचे माप या तुकड्यावरून धरावे, म्हणजे कागद वाया जात नाही.

खालचा ठोकळा ११५ मि.मी. लांब, ६५ मि.मी. रुंद व ३० मि.मी. जाड घ्यावा. कागदाची १४० मि.मी. बाजू ठोकळ्याच्या रुंदीभोवती गुंडाळावयाची असते. तळास ६५ व दोन्ही बाजूंस ३०-३० मिळून १२५ मि.मी. कागद लागतो. उरलेल्या १५ मि.मी.पैकी साडेसात-साडेसात मि.मी. पट्टी दोन्ही बाजूंनी माथ्यावर दुमडली जाते. या दुमडी दाबून धरण्यासाठी ११५ × ६५ × २० मि.मी. मापाची दुसरी फळी माथ्यावर बसवावी. हीच फळी हाताची पकड होते. म्हणून तिच्या वरच्या कडा गोल कराव्यात.

दोन्ही फळ्या ६ मि.मी. जाडीच्या दोन बोल्टांनी जोडाव्यात. भोके लांबीच्या मध्यरेषेवर, दोन्ही टोकांपासून ३० मि.मी. अंतरावर पाडावीत. बोल्टाचे डोके तळाच्या बाजूस राहते. ते तळापासून किमान ४ मि.मी. आत बुडेल असा खळगा करावा. डोके वर राहिले तर कागद फाटतो व कामावर चरा पडतो. वरच्या बाजूस हाताने फिरणारे विंग नट लावल्यास पान्याची गरज पडत नाही.

लाकूड निवडताना जड बाभळीपेक्षा कडुनिंब, आंबा किंवा खोक्याची कोरडी फळी बरी. ओले लाकूड घेऊ नये. वाळताना ते पिळते व तळ वाकडा होतो. तळ सपाट करण्याची सोपी रीत अशी: खिडकीच्या जाड काचेवर ८० नंबरचा अखंड ताव ठेवावा, ठोकळ्याच्या तळावर पेन्सिलीने चौकटी आखाव्यात व ठोकळा तावावर हलक्या हाताने फिरवावा. रेघा प्रथम उंच जागीच पुसल्या जातात. सर्व रेघा गेल्या म्हणजे तळ सपाट झाला.

लाकडाच्या सपाट कामास हा ठोकळा तसाच वापरावा. किंचित गोलसर कामासाठी तळास सायकलच्या ट्यूबचे किंवा जुन्या चपलेचे ३ मि.मी. जाड रबर चिकटवावे. अशा वेळी खालचा ठोकळा ३० ऐवजी २७ मि.मी. जाड घ्यावा, म्हणजे कागदाचे वरील माप तसेच राहते.

मुठीसाठी अर्धनळी व पात्यासाठी काठी

गोल दांड्यावर सपाट ठोकळा चालविल्यास दांड्यास पैलू पडतात. त्यासाठी शेतातील पाण्याच्या पी.व्ही.सी. नळीचा तुकडा उपयोगी पडतो. बाहेरून ५० मि.मी. व्यासाची नळी आतून साधारण ४५ मि.मी. असते. तिचा ११५ मि.मी. लांब तुकडा घेऊन तो लांबीच्या दिशेने करवतीने मधोमध चिरावा. प्रत्येक अर्ध्या भागाच्या आतील गोलाईची लांबी सुमारे ७० मि.मी. येते. वर सांगितलेल्या चौथाई तावाचे ११५ × ७० मि.मी.चे दोन सारखे भाग केले असता एकेक भाग एकेका अर्धनळीत बरोबर बसतो. तो रबर सोल्यूशनच्या पातळ थराने आत चिकटवावा. झिजल्यावर सोलून काढता येतो. कुदळ, खोरे व कुऱ्हाड यांचे दांडे या अर्धनळीने सारखे गोल होतात. नळीच्या कापलेल्या कडा कानशीने मोडून घ्याव्यात.

विळा, कोयता व कडबाकुट्टी यंत्राची पाती यांसाठी काठी करावी. २५० मि.मी. लांब, २५ मि.मी. रुंद व १२ मि.मी. जाड पट्टीच्या एका अंगास १२० व दुसऱ्या अंगास २४० नंबरची एमरी चिकटवावी. एक टोक १०० मि.मी. मोकळे ठेवून ते धरण्यास घ्यावे. विळ्याच्या आतील वाकासाठी २० ते २५ मि.मी. जाडीची गोल काठी घेऊन तिच्याभोवती एमरी गुंडाळावी. काठी नेहमी धारेकडून पाठीकडे, म्हणजे हात धारेपासून दूर जाईल अशी चालवावी. ‘वैभव’ विळ्यासारख्या दातेरी विळ्यास मात्र दातांवर एमरी फिरवू नये. दात गोल होऊन विळा निकामी होतो.

मूठ घासण्याची रीत

बाभूळ, धावडा किंवा अन्य लाकडाची मूठ प्रथम तासून व रंधून आकारास आणावी. नंतर ८०, १२० व १८० या क्रमाने घासावी. ठोकळा लाकडाच्या रेषांच्या दिशेने चालवावा. आडवा चालविल्यास रेषा तुटून लव उभी राहते. दाब बेताचा ठेवावा. कागदात भुसा भरला की तो झटकावा. अधिक दाबल्याने घासले जात नाही, फक्त कागद तापतो व खडे झडतात.

१२० नंबरनंतर ओल्या फडक्याने मूठ पुसून वाळू द्यावी. पाण्याने लाकडाचे दबलेले तंतू उभे राहतात व मूठ पुन्हा खरखरीत लागते. आता १८० नंबरचा हलका हात दिला की हे तंतू कापले जातात. पुढे घामाने किंवा पावसाने मूठ भिजली तरी ती फारशी खडबडीत होत नाही. ही एक पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते आणि नवी मूठ पहिल्याच आठवड्यात हातास टोचू लागते.

१८० नंबरच्या पुढे मुठीस जाऊ नये. आरशासारखी गुळगुळीत मूठ घामेजल्या हातातून सटकते आणि कुऱ्हाड किंवा कोयता सटकणे हे फोडापेक्षा कितीतरी वाईट. त्याच कारणाने मुठीस जाड व्हार्निश देऊ नये. जवसाचे तेल फडक्याने चोळून, अर्ध्या तासाने उरलेले तेल पुसून घ्यावे व दोन-तीन दिवस वाळू द्यावे.

येथे एक महत्त्वाची सूचना आहे. जवसाचे तेल वाळताना उष्णता निर्माण होते. तेलात भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकल्यास ही उष्णता आत कोंडते व ठिणगी नसतानाही फडकी पेट घेतात. अशी फडकी कधीही कडब्याच्या गंजीजवळ किंवा भुशावर टाकू नयेत. ती मोकळ्या जागी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत व नंतर गावाबाहेर सुरक्षित जागी टाकावीत.

एमरीचा पट्टा

ज्या कामशाळेत दिवसाकाठी बरीच हत्यारे येतात, तेथे दोन पुल्यांवर फिरणारा एमरीचा पट्टा उपयोगी पडतो. एक पुली मोटरवर असते. दुसरी मोकळी पुली स्प्रिंगच्या ताणावर मागेपुढे सरकते. पट्ट्याची लांबी काढण्याची रीत सोपी आहे. दोन्ही पुल्या सारख्या असतील तर पुलीच्या व्यासाला ३.१४ ने गुणावे व त्यात दोन्ही पुल्यांच्या मध्यांमधील अंतराची दुप्पट मिळवावी. पुल्या १०० मि.मी. व्यासाच्या व मधले अंतर ४०० मि.मी. असल्यास ३१४ + ८०० = १११४ मि.मी. लांबी येते. पुल्या लहानमोठ्या असल्यास दोरी फिरवून प्रत्यक्ष माप घ्यावे.

पट्ट्यासाठी कागदी पाठीचा ताव घेऊ नये, तो फाटतो. कापडी पाठीची एमरी रोलमधून लांब कापून घ्यावी. लहान तावांचे चार तुकडे जोडून पट्टा करण्याचा मोह टाळावा. प्रत्येक जोड ही पट्ट्याची दुबळी जागा असते. म्हणून पट्ट्यास जोड एकच असावा.

जोड सरळ आडवा न देता तिरपा द्यावा. आडवा जोड पुलीवर एकदम येतो व प्रत्येक फेरीस हिसका बसतो. तिरपा जोड हळूहळू पुलीवर चढतो. ५० मि.मी. रुंद पट्ट्यासाठी एका कडेपेक्षा दुसरी कड ३० मि.मी. पुढे राहील एवढा तिरपेपणा पुरे. दोन्ही टोके एकाच दिशेने तिरपी, म्हणजे एकमेकांस समांतर कापावीत. एकाच कडेवर मोजले असता लांबी वरीलप्रमाणे १११४ मि.मी. भरली पाहिजे. कापताना पट्टा पालथा ठेवून कापडाच्या बाजूने धारदार सुरी चालवावी. खड्यांच्या बाजूने कापल्यास सुरीची धार जाते.

टोके एकमेकांवर न चढवता कडेला कड भिडवून पाठीमागून पातळ पट्टी चिकटविणे ही पद्धत बरी. एकावर एक जोडाने त्या जागी पट्टा जाड होतो व काम उडते. एमरीच्या व्यापाऱ्याकडे जोडपट्टी तयार मिळाल्यास तीच वापरावी. न मिळाल्यास दाट विणीचे पातळ पॉलिएस्टर कापड घ्यावे व दोन भागांचे इपॉक्सी द्रव्य वापरावे. प्रथम पट्ट्याची पाठ जोडाच्या दोन्ही अंगांस २५-२५ मि.मी. हलकी खरवडून साफ करावी. टोके सपाट लाकडावर, खाली पॉलिथिनचा कागद घालून, बरोबर भिडवावीत व कडा सरळ रेषेत आहेत हे पट्टी लावून पाहावे. इपॉक्सीचा पातळ थर देऊन कापड बसवावे, त्यावर पुन्हा पॉलिथिन व फळी ठेवून शिकंजाने दाबावे आणि चोवीस तास हलवू नये. जोड पुलीभोवती वळला पाहिजे. म्हणून थर जाड देऊ नये.

काही तयार पट्ट्यांचा जोड एकावर एक असतो व त्यांच्या पाठीवर बाण छापलेला असतो. पट्टा त्या बाणाच्या दिशेनेच फिरवावा. उलट फिरविल्यास जोडाची उघडी कड कामावर येऊन आदळते, उचकटते व पट्टा तुटतो.

पट्टा चालविण्यापूर्वी तपासणी

घरी जोडलेला पट्टा एकदम यंत्रावर चढवू नये. भक्कम आडव्या नळीवर तो टांगावा, खालच्या वळणातून दुसरी नळी घालावी व तिला चाळीस किलो वजन लावून रात्रभर ठेवावे. वजन दोन्ही बाजूंत वाटले जाते, म्हणजे प्रत्येक बाजूस वीस किलो ताण येतो. जोड नळीवर न ठेवता मोकळ्या बाजूस ठेवावा. सकाळी जोडाच्या फटीत वाढ दिसल्यास तो पट्टा कापून ठोकळ्यांसाठी वापरावा.

घरच्या जोडाचा पट्टा सावकाश चालविणेच योग्य. मिनिटास १४४० फेरे घेणाऱ्या मोटरवर १०० मि.मी.ची पुली बसविल्यास पट्ट्याचा वेग सेकंदास सुमारे साडेसात मीटर होतो. हत्यारांच्या कामास एवढा वेग पुरेसा आहे. दुप्पट फेऱ्यांच्या मोटरवर घरचा पट्टा लावू नये. तेथे कारखान्यात जोडलेलाच पट्टा घ्यावा.

पट्टा पुलीवरून घसरत असल्यास पुली पाहावी. मोकळी पुली मधोमध किंचित फुगीर, कडांपेक्षा सुमारे १ मि.मी. उंच असावी. फिरणारा पट्टा उंच भागाकडे सरकतो. म्हणून फुगीर पुली त्यास मध्यावर आणते. पुल्यांवर व पट्ट्याच्या मागच्या बाजूवर पत्र्याचे झाकण अवश्य असावे. पट्टा काम टेकविण्याच्या जागी वरून खाली जावा, म्हणजे काम टेकूवर दाबले जाते. पट्टा तुटल्यास तो सरळ रेषेत फेकला जातो. म्हणून चालू करताना त्याच्या रेषेत कोणी उभे राहू नये.

पट्ट्यामागे लोखंडी पट्टीचा आधार असेल तेथे सपाट काम करावे. आधार नसलेल्या मोकळ्या भागावर गोल मूठ धरली तर पट्टा तिच्याभोवती थोडा वळतो व मूठ सुरेख गोल होते. पात्यास धार लावताना ते वारंवार पाण्यात बुडवावे. कडेवर निळा रंग चढला की पोलादाचे पाणी उतरले असे समजावे. अशी धार फार दिवस टिकत नाही.

धूळ, ठिणगी व डोळे

घासकामात सर्वांत दुर्लक्षित धोका धुळीचा आहे. लाकडाची बारीक धूळ दीर्घकाळ श्वासात गेल्यास नाकाच्या आतील भागाचा कर्करोग होऊ शकतो, हे आता सिद्ध झाले आहे. दगडाची व वाळूची धूळ फुप्फुसात साठून सिलिकोसिस हा बरा न होणारा रोग होतो. मध्य प्रदेशातील मंदसौर भागात पाटीच्या पेन्सिली कापणाऱ्या कामगारांनी त्याची फार मोठी किंमत दिली आहे. म्हणून घासकाम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून करावे. तोंडास नुसता रुमाल बांधणे पुरेसे नाही. बारीक कण त्यातून आत जातात. धूळ अडविणारा एन-९५ प्रकारचा मास्क वापरावा. जुना रंग दिलेले सामान कोरडे घासू नये, कारण जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो. ते पाण्यात चालणाऱ्या काळ्या कागदाने ओले घासावे. मुलांना या जागी बसू देऊ नये.

लोखंड घासताना ठिणग्या उडतात. ज्या पट्ट्यावर नुकतेच लाकूड घासले, तेथे साचलेला भुसा झाडून टाकल्यावाचून लोखंड घेऊ नये. कडबा, गवत व पाचट यांपासून ही जागा दूर असावी आणि जवळ पाण्याची बादली व वाळू ठेवावी. पट्टा चालू असताना चष्मा लावावा. सैल कपडे, पदर, ओढणी, उपरणे किंवा हातमोजे पट्ट्यात अडकून हात ओढला जातो. म्हणून ते आवरून किंवा काढून ठेवावेत.

साठवण

दमट हवेत कागद व कापड ओल धरतात, वाकतात व खडे सैल होतात. पावसाळ्यापूर्वी ताव फळ्यांमध्ये सपाट दाबून, पॉलिथिनमध्ये गुंडाळून, भिंतीपासून दूर ठेवावेत. पट्टे खिळ्यावर टांगू नयेत. त्या जागी त्यांस कायमची घडी पडते व तेथेच ते तुटतात. मनगटाएवढ्या जाड गोल लाकडावर टांगावेत. भुशाने भरलेला पट्टा टाकून देण्याची घाई करू नये. चपलेच्या क्रेप रबराचा तुकडा चालू पट्ट्यावर हलका दाबला असता भुसा रबरास चिकटून निघतो व पट्टा पुन्हा कापू लागतो.

ग्रामसेवकांनी करावयाचे काम

या कामाचे प्रात्यक्षिक एका दुपारी होऊ शकते. खुरपणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी गावातील सुतार व लोहार यांस बोलावून, प्रत्येक घरातून एकेक खुरपे आणण्यास सांगावे. एक मूठ बोटांनी व दुसरी ठोकळ्याने घासून दाखवावी; दोन्ही कागदांची झीज शेजारी ठेवली की अधिक बोलावे लागत नाही. ज्या स्त्रिया खुरपणी करतात त्यांच्या हातात मूठ देऊन कोठे टोचते हे त्यांनाच विचारावे. मुठीची जाडी व लांबी त्यांच्या हाताच्या मापाची असावी. दुकानात एकाच मापाच्या मुठी मिळतात. महिला बचत गटांना हे काम शिकविल्यास गावच्या मुठी गावातच दुरुस्त होतील.

कारागिरांना यंत्र व हत्यारे घेण्यास साहाय्य मिळू शकते. केंद्र सरकारची पंतप्रधान विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तीत सुतार, लोहार व हत्यारे बनविणारे यांच्यासह अठरा व्यवसाय आहेत. पात्र कारागिरास प्राथमिक प्रशिक्षण, त्या काळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य व पाच टक्के व्याजाने प्रथम एक लाख आणि नंतर दोन लाख रुपयांपर्यंत कर्ज यांची तरतूद आहे. नोंदणी सामायिक सेवा केंद्रात होते व पहिली पडताळणी ग्रामपंचायतीच्या पातळीवर होते. अर्ज तेथे पडून राहणार नाहीत, याची काळजी ग्रामसेवकांनी घ्यावी.

खुरपे हे शेतीतील सर्वांत स्वस्त हत्यार आहे. परंतु सर्वांत अधिक तास तेच हातात असते. त्याची मूठ सुधारण्यास लागतो तो लाकडाचा एक ठोकळा, कागदाचा चौथाई ताव व अर्धा तास वेळ. पेरणीपूर्वी बियाणे व खते यांची तयारी करताना प्रत्येक शेतकऱ्याने घरातील सर्व मुठींवरून एकदा हात फिरवून पाहावा व जी टोचेल ती त्याच दिवशी घासून घ्यावी.